मोजणीबाईचा नेचा

तिला सगळे मोजणीबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथून ते फारसं बाहेर पडलं नाही. गावाला पाणी पुरवणाऱ्या तळ्यावर ती बावीस वर्षं एकच काम करत होती. सकाळी सात वाजता पंपघरामागच्या, पाण्यात आत गेलेल्या लोखंडी साकवावरून शेवटच्या खांबापर्यंत चालत जायचं, खांबाला ठोकलेल्या पांढऱ्या पट्टीवर पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं. सासरे गेले त्या दिवशीसुद्धा ती आधी पातळी लिहून आली आणि मग रडायला बसली. हे तिचा दीर सगळ्यांना सांगायचा आणि वर म्हणायचा, "आमच्या वहिनीचे अश्रूसुद्धा मोजून निघतात."

हा दीर त्याच तळ्यावर नावाडी होता. पंपाच्या तोंडावरची जाळी साफ करणं, काठावरची लव्हाळी कापणं, कधी साहेब लोकांना तळं फिरवून आणणं, ही त्याची कामं. पट्टीचा पोहणारा, तितकाच बडबड्या. मोजणीबाईचा नवरा छापखान्यात होता आणि घरी आल्यावर दिवसाला दहा शब्द बोलायचा. त्यामुळे तिच्या वाट्याचं बोलणं या दिराकडूनच भरून निघे. दोन्ही भावांची बिऱ्हाडं शेजारी-शेजारी होती, मधे एक भिंत. जावेनं पलीकडे कुकर लावला तर शिट्ट्या अलीकडे मोजता येत.

त्या वर्षी तळ्यावर जे झालं त्याची सुरुवात एका काचेच्या टाकीपासून झाली, आणि तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

पंपघराच्या जुन्या साहेबांना मासे पाळायचा नाद होता. त्यांची बदली झाली तेव्हा मासे त्यांनी बरोबर नेले आणि टाकी मोजणीबाईच्या स्वाधीन केली. टाकीत पाणी होतं आणि पाण्यावर बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या पानांच्या जोड्या तरंगत होत्या.

"हा नेचा आहे," साहेब म्हणाले. "ओलसर भिंतीवर उगवतो ना, त्याच्याच कुळातला. पण हा पाण्यावर राहतो. उष्ण देशातल्या नद्यांमधला आहे."

"मुळं छान लांब आहेत," ती वाकून बघत म्हणाली.

"ती मुळं नाहीत. तेही पानच. मुळाचं सोंग घेऊन खाली लोंबतं. याला फूल नाही, बी नाही. तुकडा मोडला की तुकड्याचं नवं रोप होतं."

मोजणीबाईला ते रोप फार आवडलं. तिनं टाकी पंपघराच्या ओसरीवर, उन्हाच्या कडेला ठेवली. पानावर पाणी शिंपडलं की थेंब मण्यासारखा गोल होऊन घरंगळे आणि पान कोरडंच्या कोरडं. जवळून बघितलं तर पानावर बारीक केस होते, प्रत्येक केसाचं टोक दुभंगून पुन्हा जुळलेलं, इवल्या पिंजऱ्यासारखं. ते बघताना तिला बगळा आठवायचा.

तळ्यावर एक राखी बगळा होता. बगळे पुष्कळ होते, पलीकडच्या काठावरच्या मोठ्या झाडावर त्यांची घरटीच होती. पण हा एक रोज सकाळी साकवापासून वीस पावलांवर उथळ पाण्यात उभा असे. पाणी त्याच्या गुडघ्याला असलं तर पातळी अमुक, पोटाला टेकलं तर तमुक, हे तिला इतकं पाठ झालं होतं की पट्टी बघायच्या आधीच ती आकडा मनात धरायची आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. पावसाची सर येऊन गेली की बगळा एकदा अंग झटकायचा आणि कोरडा व्हायचा.

"दोघांची जात एकच," तिनं एकदा चहा पिताना दिराला सांगितलं.

"कुणाची?"

"बगळ्याची आणि नेच्याची. जन्मभर पाण्यात आणि दोघांना पाणी लागत नाही. दोघं आवाज करत नाहीत. दोघं नुसते असतात."

दीर हसला. "वहिनी, एक पक्षी, एक पाला. उद्या म्हणशील मी आणि माझं वल्हं सख्खे भाऊ. आणि बगळा नुसता असतो म्हणतेस? बकध्यान ते. मान आखडून उभा असतो, कारण मासा दिसला की ती सोडायची असते."

"आणि नेचा?"

"तो बिचारा काय करणार. त्याला कुठे चोच आहे?"

महिन्याभरात टाकी भरली. पानाला पान भिडलं, मग पानं दुमडून एकमेकांवर चढायला लागली. मोजणीबाई दर शनिवारी ओंजळभर नेचा काढून टाके. पहिल्या शनिवारी तिनं तो कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि दिवसभर तिला चुटपुट लागली. हिरवागार जीव, उन्हात करपून गेला. दुसऱ्या शनिवारी ती ओंजळ घेऊन साकवावर गेली आणि पाण्यात सोडली. पानं उलटी पडली, सुलटी झाली, वाऱ्यानं लव्हाळीकडे निघून गेली. बगळ्यानं एक पाऊल बाजूला टाकलं. लांब दिराची होडी होती, त्याची पाठ इकडे होती. असे तिनं सात शनिवार केले.

आठव्या शनिवारी तिला लव्हाळीत ताटाएवढा हिरवा तुकडा दिसला. तिला बरंच वाटलं. रुजला म्हणायचा.

दहा दिवसांनी तो टोपलीएवढा झाला होता. आणखी वीस दिवसांनी पलंगाएवढा. मोजायची सवय हाडात गेलेली. तिनं साकवाचे खांब धरून अंदाज बांधला आणि नोंदवहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवला. दर दहा दिवसांनी आकडा दुप्पट होत होता. दुप्पट म्हणजे काय, हे तिला कागदावर कळत होतं. तिनं पुढच्या सहा महिन्यांचं गणित मांडलं, शेवटचा आकडा बघितला आणि आपली काहीतरी चूक झाली असेल असं समजून पान मिटलं.

चूक झालेली नव्हती. उन्हाळा लागला तोवर खाडीसारखा आत गेलेला तळ्याचा सगळा कोपरा हिरवा झाला. सुटीच्या दिवशी लोक काठावर येऊन म्हणत, काय सुंदर दिसतंय, गालिचा घातल्यासारखं. त्या गालिच्याखाली उजेड जात नव्हता. पहिल्यांदा बारीक मासे पोट वर करून काठाला लागले, मग मोठे. पाण्याला वास यायला लागला. पंपाची जाळी दिवसातून तीनदा तुंबायची आणि दीर कंबरभर पाण्यात उभा राहून हातांनी नेचा ओढायचा. ओढताना तुकडे व्हायचे, आणि तुकडे पाण्यात निसटायचे.

मोजणीबाईनं ओसरीवरची टाकी केव्हाच रिकामी करून, घासून, भंगारात दिली होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. कुणी नुसतं "टाकी" म्हटलं, पाण्याची का असेना, तरी ती तिथून उठून जायची.

नवे साहेब तरुण होते, कामाचे होते. त्यांनी सगळ्यांना पंपघरात बोलावलं आणि विचारलं, "हे आलं कुठून? वरून पत्र आलंय, कारण लिहून द्यायचंय."

दीर नखातला हिरवा मळ काढत होता. साहेबांनी मोजणीबाईकडे बघितलं. "तुम्ही रोज साकवावर असता. तुम्हाला काय वाटतं?"

"पक्ष्यांनी आणलं असेल," ती म्हणाली. आपला आवाज इतका सरळ कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "बगळ्यांच्या पायाला चिकटून येत असेल. ते कुठून कुठून येतात."

साहेबांनी लिहून घेतलं. त्यांना ते पटलं, आणि पटण्यासारखंच होतं.

पुढच्या आठवड्यात वरून हुकूम आला, पलीकडच्या झाडावरची बगळ्यांची वसाहत हटवा. चार माणसं करवत घेऊन गेली. घरट्यांत पिल्लं होती. साहेबांना ते आवडलं नव्हतं हे दिसत होतं. ते पाठ करून उभे राहिले आणि फांद्या पडत राहिल्या. पाण्यावर पडलेली पिल्लं बुडाली नाहीत, नेच्यावरच पडून राहिली. त्यांचे आई-बाप दोन दिवस वर घिरट्या घालत होते. मग गेले. साकवाजवळचा तो एक मात्र राहिला. पण त्याची उभं राहायची उथळ जागा आता झाकली गेली होती. तो हिरव्याच्या कडेकडेनं सरकत साकवाच्या अगदी जवळ आला होता, हात लांबवला तर लागेल इतका. पूर्वी तिला ते आवडलं असतं.

त्या संध्याकाळी दीर होडी बांधताना तिच्याकडे न बघता म्हणाला, "बगळ्याला वकील नाही हे एक बरं आहे. नाही का, वहिनी?"

तिनं काहीतरी उत्तर दिलं, भाजी आणायची आहे असं काहीसं. घरापर्यंत दोघं गप्प चालले. असं आधी कधी झालं नव्हतं. होडीत त्याची पाठ त्या शनिवारी खरंच इकडे होती का, हे ती रात्री आठवत राहिली. आणि दर शनिवारी होती का, हेही.

तिनं ठरवलं, सोमवारी साहेबांना सांगायचं. सोमवारी साहेब दौऱ्यावर होते. मंगळवारी पंप बंद पडला आणि सगळी धावपळ. बुधवारी तिला धीर झाला नाही. असेच तीन आठवडे गेले. तोवर आठवा भाग सोडला तर सगळं तळं झाकलं होतं, आणि मधे मधे तो थर हातभर जाड झाला होता. त्यावर गवत उगवलं होतं. एका सकाळी सगळ्यांनी बघितलं, बगळा त्या हिरव्यावरून चालत होता. एकेक पाऊल उचलून, टेकवून, जमिनीवर चालावं तसा. तळ्याच्या पार मधे जाऊन तो उभा राहिला.

"बघा," दीर म्हणाला. "आता मला नोकरी उरली नाही. लोक चालतच पलीकडे जातील."

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला तो होडी घेऊन आत गेला. हुकूम असा होता की थर कापून मोठे तुकडे करायचे, दोराला बांधायचे आणि काठावरच्या माणसांनी ओढायचे. लांब दांड्याच्या कोयत्यानं वाट कापत तो बराच आत शिरला. दोन तुकडे ओढून झाले. तिसऱ्याच्या वेळी वारा फिरला, आणि त्यानं कापलेली वाट त्याच्या मागून मिटली. जराही आवाज झाला नाही. मोजणीबाई साकवावर होती. तिनं ती फट अरुंद होताना बघितली आणि मग फट नव्हतीच.

दीर वल्हं मारून बघत होता. वल्हं पाल्यात रुतायचं आणि होडी हलायची नाही. काठावरून दोर फेकला तो अर्ध्यावर पडला. साहेबांनी अग्निशमन दलाला फोन लावला. रबरी होडी यायला तीन तास लागतील म्हणाले.

"भाऊजी," तिनं साकवावरून हाक मारली, "बसून राहा. होडी येतेय."

"बसलोय," त्यानं ओरडून सांगितलं. "चहा तेवढा पाठव."

काठावरची माणसं हसली. एक वाजला, दीड वाजला. ऊन डोक्यावर होतं. त्याच्याजवळचं प्यायचं पाणी संपलं असावं, त्यानं बाटली उलटी करून दाखवली. मग तो उभा राहिला आणि होडीतली बसायची फळी उचकटायला लागला.

"काय करताय?"

"फळीवरून येतो. थर जाड आहे इथं. सकाळी बगळा चालला की."

"भाऊजी, नको. बगळ्याचं वजन ते किती. तिथं तेरा फूट पाणी आहे."

"मला पोहता येत नाही का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा होती, आणि थकवाही होता.

तो फळीवर उतरला. फळी तरली. त्यानं दुसरं टोक गाठलं, पाय पुढे टाकला, आणि थर खरंच टिकला. हात पसरून तो चार पावलं आला. काठावर कुणीतरी वा म्हणालं. पाचव्या पावलाला तो दिसेनासा झाला. उडी मारल्यासारखा नाही. पायऱ्या उतरणारा माणूस खाली जातो तसा. त्याचा एक हात वर आला, त्या हातानं मूठभर पाला धरला आणि पाला त्याच्याबरोबर खाली गेला. मग ती जागा दोन्ही बाजूंनी सरकली आणि मिटली. थोड्या वेळानं, तो नक्की कुठे गेला हे बोट दाखवून सांगता येणारी एकटी मोजणीबाई होती.

तो सापडला दुसऱ्या दिवशी दुपारी. पट्टीचा पोहणारा. पाण्याखालून तो पोहला होता, बराच लांब; पण वर यायला जिथं डोकं लावलं तिथं झाकण होतं.

तेराव्या दिवसानंतर पाहुणे पांगले. जाऊ स्वयंपाकघरात डबे पुसत होती. पुसलेलेच डबे पुन्हा पुसत होती. मोजणीबाई दारात उभी राहिली. आत येऊन बसायची तिची हिंमत झाली नाही.

"मला तुला काही सांगायचंय," ती म्हणाली.

जाऊ डबा पुसत राहिली.

"तो नेचा मी सोडला तळ्यात. साहेबांच्या टाकीतला. पक्ष्यांनी आणला हे मी खोटं सांगितलं."

जावेनं झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला, दुसरा घेतला. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

मोजणीबाईनं मान वर केली.

"त्यांनी बघितलं होतं तुला. पहिल्याच वेळी. तेव्हा त्यांना काही वाटलं नाही, पाला तर होता. मग वाढलं तेव्हा म्हणाले, वहिनीचं काम आहे हे. मी म्हटलं, साहेबांना सांगा. तर म्हणाले, ती सांगेल स्वतः. तिला थोडा वेळ दे." जावेनं फडकं झटकलं. "वेळ दिला त्यांनी."

भिंतीपलीकडे नवरा रेडिओ लावत होता. त्याची खरखर ऐकू येत होती. मोजणीबाई तिथंच चौकटीला टेकून खाली बसली. जावेनं तिला ना ऊठ म्हटलं, ना जा म्हटलं. दिवेलागणीला ती उठली आणि आपल्या घरी आली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तिनं पातळी लिहिली आणि त्याखाली, नोंदीच्या रकान्यात, सगळं लिहिलं. टाकी कुणाची, किती शनिवार, किती ओंजळी. पक्ष्यांबद्दल सांगितलं ते खोटं, हेही. वही साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली.

साहेबांनी दोनदा वाचलं. "अहवाल वर गेलाय, बाई," ते म्हणाले. "झाड तोडून झालंय. आता हे कशाला?"

"लिहिलंय ते राहू दे," ती म्हणाली.

ते राहिलं. चौकशी झाली, तिला दोन वर्षं घरी बसवलं. नवऱ्यानं त्या दोन वर्षांत तिला एकच वाक्य बोलून दाखवलं, "तो आधी मला का नाही बोलला," आणि ते तिला उद्देशून होतं की नव्हतं हे तिला कधी कळलं नाही. एका संशोधन केंद्रातून लोक आले, त्यांनी बारीक काळे भुंगे आणले, साबुदाण्याच्या दाण्याएवढे, जे फक्त हाच नेचा खातात. दोन उन्हाळे गेले. हिरवा थर तपकिरी झाला, कुजला, तळाला बसला. पाणी उघडं पडलं, पण ते गढूळ होतं आणि त्याच्या काठाला कुणी पक्षी नव्हता.

कामावर परत घेतलं तेव्हा मोजणीबाईला कचेरीत फायली शिवायला बसवलं. पातळी मोजायची जागा जावेला नुकतीच मिळाली होती, नवरा कामावर असताना गेला म्हणून. शिकवायला दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी मोजणीबाईला सांगितलं, सात दिवस तिच्याबरोबर जा.

सात दिवस दोघी सकाळी एकाच वेळी शेजारशेजारच्या दारांतून बाहेर पडल्या आणि मधे दोन हात अंतर ठेवून तळ्यापर्यंत चालल्या. साकवावर कामापुरतं बोलणं व्हायचं.

"ही रेघ?"

"ती फुटाची. बारक्या इंचाच्या. लाट थांबेपर्यंत बघायचं नाही."

"आणि वारा असला तर?"

"तर तीनदा बघायचं. मधला आकडा लिहायचा."

जाऊ हुशार होती. तिसऱ्या दिवसापासून तिचे आकडे बरोबर यायला लागले. तरी साहेबांनी सात म्हटले होते म्हणून सात दिवस पुरे केले. चौथ्या दिवशी जावेनं साकवाच्या खांबाला चिकटलेलं नखाएवढं हिरवं काहीतरी काढलं आणि तळहातावर धरून विचारलं, "हेच?" मोजणीबाईनं बघितलं. ते साधं शेवाळ होतं. "नाही," ती म्हणाली. जावेनं तरीही ते कागदात गुंडाळलं, काठावर नेलं आणि काडी लावून जाळलं. ओलं होतं, पेटायला वेळ लागला. दोघी ते जळेपर्यंत उभ्या राहिल्या.

सातव्या दिवशी नोंद लिहून झाल्यावर जावेनं वही मिटली.

"उद्यापासून मी एकटी येईन," ती म्हणाली.

"बरं," मोजणीबाई म्हणाली, आणि कचेरीच्या रस्त्याला लागली.